सासूबाईंनी लिहिलेला पाळणा

माझ्या सासूबाई बारशाचे पाळणे लिहायच्या. शनिवार पेठेत कुणाकडे बाळ झालं की आठवड्याभरात बाळाची आजी नाहीतर आत्या त्यांच्या दारात हजर. आईबापांची नावं, आजोळचं गाव, बाळ कोणत्या वारी जन्मलं, एवढं सांगून ती जायची. सासूबाई स्वयंपाक करता करता गुणगुणत राहायच्या आणि बाराव्या दिवसापर्यंत पाळणा तयार व्हायचा. त्यांच्या भजनी मंडळातल्या बायका म्हणायच्या, ह्यांच्या पाळण्याशिवाय आमच्या आळीतलं पोर झोपत नाही.

हे मला लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं. तोवर त्या घरी आमचं जाणं-येणं नव्हतं.

मी नगर जिल्ह्यातला, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. आमच्या गावात नाताळ म्हणजे टाळ-मृदंगावर भजन आणि दुपारी अख्ख्या गावाला जेवण. माझी आजी गव्हाणीतल्या बाळासाठी पाळणा म्हणायची, अगदी जात्यावरच्या चालीत. पुण्यात धर्मशिक्षणासाठी आलो आणि पहिल्याच वर्षी मला या सगळ्याची लाज वाटायला लागली. वर्गात केरळची, मद्रासची, ईशान्येकडची मुलं होती. ती गिटार घेऊन इंग्रजीत गायची. एकदा मला कुणीतरी म्हणालं, तुझ्या गावाकडचं काहीतरी म्हण. मला येत नाही, असं मी सांगितलं. चांगली दहा-बारा भजनं पाठ होती.

शिक्षण संपल्यावर एका संस्थेनं मला कर्वेनगर भागात प्रचारक म्हणून नेमलं. तिथं तेव्हा शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहत होत्या. विदर्भातून शिकायला आलेली मुलं, कारखान्यातले कामगार, आणि पुढे थोड्याच वर्षांत सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभी असलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली कॉम्प्युटरवाली मंडळी. घरापासून लांब आलेली, रविवारी काय करावं न कळणारी. त्यांच्यात माझं काम.

बायको भेटली ती हस्तपत्रकांमुळे. डीटीपीची दुकानं तेव्हा नवीन होती. पेठेतल्या अशाच एका दुकानात ती मजकूर बसवायची. बायबलमधल्या गोष्टींचा माझा मजकूर टाइप करताना ती मान वर न करता प्रश्न विचारायची. "उधळ्या मुलाच्या मोठ्या भावाचं पुढे काय झालं? तो आत आला की नाही?" मला उत्तर देता यायचं नाही. दोन वर्षं असं चाललं. मग तिनं स्वतःच्या मर्जीनं बाप्तिस्मा घेतला आणि आम्ही लग्न केलं.

तिचे वडील एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. ते ओरडले नाहीत, रडले नाहीत. लेकीला एवढंच म्हणाले, "विचार करून निघालीस ना? मग जाताना दार ओढून घे."

आमच्या घरात मी काही नियम केले. दिवाळीला आकाशकंदील नाही. दारात रांगोळी नाही. संक्रांतीला तिळगूळ नाही. नव्यानं विश्वासात आलेल्यांचा गोंधळ होईल, प्रचारकाच्या घराकडे सगळे बघतात, असं माझं म्हणणं. बायकोनं एकदाच विचारलं, "तिळगुळात कुठला देव असतो?" मी अर्धा तास बोललो. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला पटलं, असं मी समजत होतो.

तीन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली आणि चौदाव्या दिवशी सासूबाई एकट्याच बसनं कर्वेनगरला आल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. मला म्हणाल्या, "जावईबापू, जरा सरका. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांचं काय काम?" आणि आत जाऊन नातीला मांडीवर घेतलं. त्या दिवसापासून दर मंगळवारी त्या नातीला तेल लावायला यायला लागल्या. महिन्याभरानं सासरेही आले. खुर्चीत बसले, टेबलावरचं माझं हस्तपत्रक उचललं, खिशातून पेन काढलं आणि तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलले. "'प्रभू' दीर्घ. एवढा मोठा देव, आणि तुम्ही त्याला ऱ्हस्व लिहिता?"

त्यानंतर माझी सगळी हस्तपत्रकं तेच तपासायचे. मजकुराबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका मंगळवारी नातीला न्हाऊ घालून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तुमच्या देवाचा जन्म आता जवळ आला ना? पाळणा कोण म्हणतं?"

"आमच्यात पाळणा नसतो," मी म्हणालो.

"जन्म आहे आणि पाळणा नाही?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी लिहू का?"

मी म्हणालो, "बघू."

पुण्यात 'बघू'चा अर्थ नाही असा होतो, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी तो हो धरला. आणि मीही तो खोडून काढला नाही, कारण मंगळवारच्या त्यांच्या येण्यानं घरात जो बदल झाला होता तो मला हवा होता. बायको पुन्हा गुणगुणायला लागली होती.

डिसेंबरभर त्यांची चौकशी चालली. बाळाची आई कुठली? वय काय? वडील काय करत? सुतार म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. "म्हणजे पाळणा घरीच झाला असता. पण मग दिवस भरलेल्या बाईला प्रवासाला काढलं कुणी?"

"शिरगणती होती. ज्यानं त्यानं आपापल्या गावी जाऊन नाव नोंदवायचं होतं," मी सांगितलं.

"सरकारी काम," वर्तमानपत्रामागून सासरे म्हणाले. "हेलपाटा आलाच."

"आणि सुईण?"

"त्याबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नाही."

"लिहिणारे पुरुष असणार," सासूबाई म्हणाल्या आणि नातीच्या पायाला तेल लावत राहिल्या.

मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, सात-आठ वर्षं मी ती गोष्ट लोकांना सांगत होतो, पण त्या गोठ्यात गार वारा कुठून येत असेल, त्या पोरीला गरम पाणी कुणी दिलं असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. सासूबाईंना ते पहिल्या दिवशी सुचलं.

आमची नाताळची उपासना एका छोट्या हॉलमध्ये असायची. एरवी तिथं मुंजी आणि बारशी होत. त्या वर्षी संस्थेचे एक वरिष्ठ दक्षिणेतून मुद्दाम येणार होते. आमची मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारा समुदाय, मोठ्या शहराच्या तोलाची आहे का, मला पुढे काय काम द्यायचं, हे ते बघणार होते. मी पंधरा दिवस तयारी केली. की-बोर्ड भाड्यानं आणला, मुलांना इंग्रजी गाणी बसवून दिली.

पंचवीस तारखेच्या सकाळी मी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलो. सासू-सासरे माझ्या बायकोबरोबर आधीच हॉलवर पोहोचले. हॉलच्या अडगळीत बारशाचा लाकडी पाळणा असतो, हे सासूबाईंनी येऊन बघून ठेवलेलं होतं. त्यांनी तो बाहेर काढून पुसला, व्यासपीठाच्या मधोमध ठेवला, मंडईतून आणलेल्या शेवंतीच्या माळा त्याला गुंडाळल्या. आत माझ्या मुलीचं दुपटं घडी करून घातलं. मूर्ती नाही, बाहुली नाही, नुसतं दुपटं. आमच्यात मूर्ती चालत नाही हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

मी पाहुण्यांना घेऊन आत आलो. त्यांनी पाळण्याकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "आपल्या आधी इथे दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम होता का?"

मी म्हणालो, "हो."

सासूबाई पाच पावलांवर उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. माझ्या बायकोला येत होतं.

मी दोन मुलांना खुणेनं बोलावलं आणि पाळणा मागच्या खोलीत ठेवायला सांगितलं. शेवंतीच्या पाकळ्या खाली सांडल्या, त्याही कुणीतरी झाडून घेतल्या. सासूबाईंना वाटलं, पाळणा योग्य वेळी पुन्हा बाहेर येणार आहे. त्या जवळ आल्या आणि माझ्या हातात चार घड्या घातलेला एक कागद दिला. "वाचून बघा हो. काही चुकलं असेल तर सांगा. यांनी शुद्धलेखन बघितलंय."

मी उभ्या उभ्या वाचलं. बारा दिवसांची बारा कडवी, आणि सुरुवात अशी होती:

पहिल्या दिवशी गव्हाणीत झाली गवताची गादी,
गाईच्या श्वासाची ऊब आली सगळ्यांच्या आधी,
जो बाळा जो जो रे जो

मग खाली पाचव्या दिवसाचं कडवं. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असं मानतात. त्या कडव्यात सटवाई होती.

पाचव्या दिवशी सटवाई आली,
कपाळ पाहून हात जोडून गेली,
लेखणी तिनं खाली ठेवली,
जो बाळा जो जो रे जो

मी 'सटवाई' एवढाच शब्द वाचला. बाकीच्या दोन ओळी डोळ्यांखालून गेल्या, पण आत शिरल्या नाहीत. व्यासपीठावरून सटवाईचं नाव, तेही पाहुण्यांसमोर. मी कागदाची घडी घालून त्यांना परत दिला. म्हणालो, "आई, आज वेळ नाही. कार्यक्रम ठरलेला आहे."

"दोनच कडवी म्हणते मग," त्या म्हणाल्या.

"नको. आमच्यात हे चालत नाही."

त्या वळल्या. तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. मी उपदेशाला उभा राहिलो. मेंढपाळांवर बोललो, रानातल्या साध्या माणसांना ती बातमी सर्वांत आधी कशी कळली, यावर. चांगलं बोललो, लोकांनी तसं सांगितलं. सासूबाई सबंध वेळ माझ्याकडे बघत होत्या, हातातली घडी मांडीवर ठेवून.

उपासना संपल्यावर त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि दाराशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर चिमूट चिमूट सुंठवडा द्यायला लागल्या. रामजन्माला देतात तसा. कॉलेजची मुलं आवडीनं खात होती. पाहुण्यांनीही हात पुढे केला आणि हे काय आहे असं मला विचारलं. मी घाईघाईनं पुढे झालो. "आई, प्रसाद नाही वाटायचा इथे." मी मोठ्यानं बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पाहुण्यांना मराठी येत नव्हतं, पण माझा सूर त्यांना कळावा अशी माझी इच्छा होती.

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा काढून लावलं.

सासरे माझ्याजवळ आले. "सुंठ आणि साखर आहे हो," ते शांतपणे म्हणाले. "खोकल्याला देतात. धर्म लागत नाही." मग सासूबाईंना म्हणाले, "चला. आपली बस आहे."

ते जेवायला थांबले नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी बायको मुलीला जोजवत खिडकीपाशी उभी होती. मी कपडे बदलत होतो. पाहुणे खूश होऊन गेले होते आणि मला ते तिला सांगायचं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईनं प्रभूजवळ यावं म्हणून तुम्ही रोज प्रार्थना करत होतात ना?"

"हो."

"आली होती ती आज."

एवढंच. पुढे भांडण झालं नाही. मला वाटतं, झालं असतं तर बरं झालं असतं.

सासूबाई त्यानंतरही यायच्या, पण दर मंगळवारी नाही. नातीच्या वाढदिवसाला, कुणी आजारी असलं तर. माझ्याशी बोलणं तोडलं नाही. फक्त 'तुम्ही' जाऊन 'आपण' आलं. पुढच्या नाताळाला मी स्वतः शनिवार पेठेत बोलवायला गेलो. म्हणाल्या, "नको. आपल्याकडे मोठी माणसं येतात. आम्ही आपले घरीच बरे." आवाजात राग नव्हता. एखाद्या कचेरीत आपल्याशी बोलतात तसं त्या बोलल्या, अगदी अदबीनं. पुण्यात माणूस 'आपण'वर गेला की समजावं, आता उंबऱ्याच्या आत येणं नाही.

मला बढती मिळाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत आमची मंडळी वाढली, हॉल सुटला, मोठी जागा आली. हिंजवडीत काम करणारी तरुण जोडपी गाड्या घेऊन यायला लागली. उपासना आधी दोन भाषांत, मग बहुतेक इंग्रजीत. नाताळात व्यासपीठावर कापसाचा बर्फ आणि रंगीत दिवे. तरुण लोक दोन वर्षं राहायचे आणि अमेरिकेला नाहीतर बंगळूरला जायचे. त्यांना आमची गरज होती का, की रविवारची सकाळ घालवायची होती, हे मला कळेनासं झालं. मग संस्थेनं सफाईदार इंग्रजी बोलणारा एक तरुण पाळक, म्हणजे पास्टर, आणला. त्यांनी मला मानानं मराठी विभाग दिला. मराठी विभागात नऊ-दहा माणसं यायची. बहुतेक म्हातारी.

त्याच वर्षी वडील आजारी म्हणून मी नाताळात गावी गेलो. किती वर्षांनी, ते मोजायची लाज वाटते. देवळात दुपारी बायका जमल्या होत्या. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. एका म्हातारीनं साडीची झोळी बांधली आणि सगळ्यांनी मिळून पाळणा म्हटला. माझ्या आजीच्याच चालीत. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. आणि मला एकदम ते पाचव्या दिवसाचं कडवं आठवलं, सबंध आठवलं. सटवाई आली, कपाळ पाहिलं आणि तिनं लेखणी खाली ठेवली. हे कपाळ लिहिण्याचा मला अधिकार नाही, असं ती म्हणत होती. शास्त्राचं पान न वाचलेल्या बाईनं, तेल लावता लावता विचारलेल्या प्रश्नांवरून, जे मला इतक्या वर्षांच्या उपदेशांत सांगता आलं नव्हतं ते एका ओळीत सांगितलं होतं. आणि मी म्हणालो होतो, आमच्यात हे चालत नाही.

पुण्याला परतल्यावर मी बायकोला न सांगता शनिवार पेठेत गेलो. सासूबाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. गुडघ्यांनी त्रास दिला होता, पण चहा स्वतःच केला. सासरे खिडकीशी बसून कुठलीशी लग्नपत्रिका तपासत होते.

मी म्हणालो, "आई, तो पाळणा मला हवाय. तुम्ही त्या वर्षी लिहिलेला."

"कोणता हो?"

"नाताळचा."

"त्याला किती वर्षं झाली. कागद कुठला राहतोय?"

"थोडाफार आठवत असेल. मी उतरून घेतो. मला तो उपासनेत म्हणायचाय."

"नाही आठवत." मग, माझ्यापुढे कपबशी ठेवत, "तेव्हा सुचलं होतं. आता नाही सुचत तसं."

मी म्हणालो, "आई, माझं चुकलं."

सासऱ्यांचं पेन थांबलं. सासूबाईंनी माझ्यापुढची कपबशी थोडी माझ्याकडे सरकवली. "घ्या. चहा गार होतोय आपला."

त्यांना खरंच आठवत नव्हता की सांगायचा नव्हता, हे मला कळलं नाही. विचारायचा हक्क मी आधीच घालवून बसलो होतो. बायकोला पुढे मी हे सांगितलं तेव्हा तिनं तीन कडवी आठवून दिली. बारामधली तीन. ती मी वहीत उतरवली. त्या बारापैकी बाकीची नऊ कुणाच्याच लक्षात नाहीत.

दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. झोपेतच, फारसा त्रास न होता. दिवस झाल्यावर भजनी मंडळातल्या बायका समाचाराला आल्या. मी कोपऱ्यात सतरंजीवर बसलो होतो. त्या घरात मी कधी नीट मांडी घालून बसलो नव्हतो, कायम निघण्याच्या बेतात असायचो. त्यांच्यातली एक वयस्कर बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही ते जावई ना? ते प्रवचन करणारे?"

मी मान हलवली.

"तुमच्याबद्दल फार सांगायच्या. त्या मेंढपाळांचं तुम्ही सांगितलंत ना, ते आम्हाला मंडळात सगळं सांगितलं होतं त्यांनी. अगदी हावभाव करून. म्हणायच्या, आमचे जावई बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटतं. आम्ही म्हटलं, एकदा आम्हालाही घेऊन चला. तर म्हणाल्या, नेईन कधीतरी, त्यांना सवड असली की."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. म्हणजे हे त्यांनी एकदा नाही, अनेकदा सांगितलेलं असणार. त्या नाताळच्या दिवशी घरी परत जाताना बसमध्ये, डबा मांडीवर घेऊन, त्यांनी ठरवलं असेल, लोकांना यातलं काय सांगायचं आणि काय नाही.

मी त्या बाईंना काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. निदान एवढं तरी, की त्या दिवशी मी काय केलं ते त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. पण समोर सासरे बसले होते, आणि माझी बायको आत स्वयंपाकघरात आल्यागेल्यासाठी पाणी भरत होती.

परतताना मी तिला ते सांगितलं. डेक्कनच्या पुलावर बस अडकली होती. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुमच्याबद्दल वाईट ती बाहेर कशाला बोलेल? जावई होतात तुम्ही तिचे." तिनं पदरानं डोळे पुसले आणि बाहेर बघायला लागली. बस बराच वेळ हलली नाही.